कराओकेच्या शहरात स्वतःचं गाणं कोण म्हणणार?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

३० नोव्हेंबर २०२४ ला ब्रिटिश पॉप गायिका दुआ लिपा मुंबईत बीकेसीला गाऊन गेली, तेव्हापासून आपल्याकडे तिचं नाव निघालं की शाहरुखच्या गाण्याशी तिचं गाणं जोडलेला तो मॅशअप आणि तिचे कपडे, याच्या पुढे कोणी जातच नाही, म्हणून लिहितोय.

पोरगी कोसोवोच्या अल्बेनियन घरातली. युगोस्लाव्हिया फुटत होता तेव्हा आईवडील प्रिस्टिना सोडून लंडनला आले, १९९५ ला ही तिथं जन्मली. वडील स्वतः रॉक बँडमध्ये गाणारे, पण लंडनमध्ये वेटरचं काम करावं लागलं. २००८ ला कोसोवो स्वतंत्र झाला, घरचे परत गेले, आणि ही पंधराव्या वर्षी पुन्हा लंडनला, आईवडिलांना सोडून, गायचंच म्हणून. आधी दुसऱ्यांचीच गाणी यूट्यूबवर टाकायची, त्यात वाईट काहीच नाही, पण मग गीतकारांसोबत बसून स्वतःची लिहायला लागली. २०१७ ला पहिला अल्बम, २०१९ ला दोन ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतले संगीताचे मोठे पुरस्कार. दुसरा अल्बम मार्च २०२० मध्ये, सगळं जग घरात बंद असताना, आणि तो पण नाचायच्या गाण्यांचा! त्याला २०२१ चा ग्रॅमी.

आता आपलं नागपूर. इथं गल्लोगल्ली कराओके क्लब, किशोर-रफी म्हणणारे हौशी लोक, मला पण आवडतात. पण मध्ये एका प्रोग्रामला बारावीतला एक पोट्टा गिटार घेऊन आला होता, वडील मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडून सेंट्रिंगच्या कामासाठी इथं आलेले, त्याला स्वतः लिहिलेलं गाणं म्हणायचं होतं, इतवारी स्टेशनवर गावच्या गाडीची वाट बघणाऱ्या आजीवरचं. आयोजक म्हणाले ट्रॅक (गाण्याचं आधीच रेकॉर्ड केलेलं संगीत) आहे का, नसेल तर नाही जमणार. शेवटी त्यानं ते बाहेर पार्किंगमध्ये आम्हा चारपाच जणांना ऐकवलं. अर्धं हिंदी, अर्धं त्यांच्या गावाकडच्या बोलीत, सूर दोन ठिकाणी हलला, पण गाणं खरंच चांगलं होतं राजेहो, अंगावर काटा आला.

अशी कितीतरी पोरं जरीपटक्यात, कळमन्यात, हिंगण्याकडे असतील, ज्यांचे आईबाप कामासाठी इथं आले आणि इथलेच झाले. त्यांच्याकडे सांगायला खूप आहे पण माईक कोणी देत नाही.

आपल्या शहर पुरवणीत कराओके प्रोग्रामचे फोटो येतात, येऊ द्या, पण आठवड्यातून एक चौकोन स्वतः लिहून गाणाऱ्या पोरापोरींसाठी ठेवा. आणि हॉल बुक करणाऱ्यांना पण विनंती आहे, शेवटची पंधरा मिनिटं अशा गाण्यांना द्या आणि ट्रॅक नसला तरी चालेल हे पत्रिकेवरच छापा.

– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर