लाल डाग दिसला तेव्हाच

महोदय,

खुब्याचे हाड मोडल्याने आई तीन आठवडे रुग्णालयात होती. शस्त्रक्रिया छान झाली. पण चौथ्या दिवशी माकडहाडावर लालसर डाग दिसला. बोटाने दाबला तरी फिका होईना. शय्याव्रणाची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची सुरुवात अशीच होते, हे मला ठाऊक नव्हते. मी आपली तेल लावून चोळत बसले! दाबाने रक्तपुरवठा तुटलेली त्वचा चोळल्याने आणखी दुखावते. आठवड्याभरात तिथे खड्डा पडला. मग मेलेला भाग कापून काढणे, रोजचे ड्रेसिंग आणि तिचे कण्हणे.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीशी उशी देऊन 30 अंशांत कलते ठेवणे, टाचा गादीला टेकू न देणे, ओले अंथरूण लगेच काढणे, पोटात पुरेशी प्रथिने जाणे, हे सारे आम्हाला जखम झाल्यावर कळले. हवेची गादी आणली म्हणून कूस बदलणे सुटत नाही. (हौसेने आणलेली, बुडाखाली ठेवायची रबरी रिंग तर कडेने उलट दाब वाढवते.)

खाटेला ताप-रक्तदाबाचा तक्ता लटकलेला असतो. त्यातच कूस बदलल्याची वेळ आणि त्वचेची रोजची नोंद का नसावी? नातेवाइकांनाही पहिल्याच दिवशी कोणीतरी कुठे, काय पाहायचे ते दाखवावे.

– एक वाचक