जॉर्जिया गिलमोर यांना अनावृत आभारपत्र

आदरणीय श्रीमती जॉर्जिया गिलमोर यांना,
सादर नमस्कार.

आपण 1990 मध्ये गेलात, त्यामुळे हे पत्र आपल्या हाती पडणार नाही. तरीही आपले ऋण चारचौघांत मान्य करावे, एवढ्यासाठी ते लिहीत आहे. अमेरिकेने 1965 मध्ये देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि त्यानंतरच आमच्यासारखी मराठी कुटुंबे इथे मोठ्या संख्येने येऊ शकली. हा बदल ज्या नागरी हक्क चळवळीच्या रेट्यामुळे घडू शकला, तिचा खर्च भागवणाऱ्यांत आपण होता.

बसमधील वर्णभेदाविरुद्ध अलाबामातील मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी 1955-56 मध्ये केलेल्या बस बहिष्काराची गोष्ट सांगताना रोझा पार्क्स यांची अटक आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची भाषणे सर्वांना आठवतात. मात्र 381 दिवस हजारो माणसांना बसशिवाय कामावर पोहोचवायचे, तर शेकडो मोटारींच्या पेट्रोलाचे आणि विम्याचे पैसे दर आठवड्याला कोठून तरी उभे राहावे लागतात. आपण व आपल्या मैत्रिणींनी आपसांत 14 डॉलर जमवले, कोंबड्या आणि पाव आणले, सभेच्या गर्दीत सँडविच विकली आणि पुढे गोड सारणाचे ‘पाय’ (pie), केक व जेवणाचे डबे घरोघरी, ब्युटी पार्लरमध्ये आणि लाँड्रीत विकत राहिलात. घेणाऱ्यांत गोरेही होते.

या कामातील बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रिया गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक किंवा धुणीभांडी करणाऱ्या होत्या, आणि चळवळीला पैसे पुरवल्याचे मालकिणीच्या कानावर गेले असते, तर त्यांची चूल त्याच दिवशी बंद पडली असती. म्हणून आपण गटाला ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’ (‘कुठूनच न आलेला क्लब’) असे नाव दिलेत आणि कोणी रांधले, कोणी विकत घेतले, हे स्वतःपुरतेच ठेवलेत. सभेत पैसे देताना पुढे येई ते आपलेच नाव. माझ्या मते आपण उभ्या केलेल्या रकमेपेक्षाही ही व्यवस्था मोठी होती, कारण जिला उघडपणे उभे राहणे परवडणारे नव्हते, तिलाही या व्यवस्थेमुळे लढ्यात भाग घेता आला. त्याची किंमत आपण मोजलीत: 1956 मध्ये बहिष्कारावरून किंग यांच्यावर चाललेल्या खटल्यात साक्ष दिल्यावर आपली नोकरी गेली, आणि सहा मुलांची आई असलेल्या आपण किंग यांच्या पाठिंब्याने घरातच खानावळ सुरू केलीत, जिथे पुढे चळवळीच्या नेत्यांचीही पंगत बसू लागली.

शहराच्या दुसऱ्या भागात इनेझ रिक्स यांनी ‘फ्रेंडली क्लब’ काढला आणि सभेत कोणाची रक्कम मोठी, याची दोन्ही गटांत चुरस लागू लागली, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. स्त्रियांचा परस्पर आधार म्हटला की अखंड गोडव्याचे जे चित्र रंगवले जाते, त्यापेक्षा ही खरीखुरी ईर्षा मला अधिक विश्वासार्ह वाटते. बहिष्काराची हजारो पत्रके एका रात्रीत छापून घेणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन महाविद्यालयात प्राध्यापक होत्या आणि आपण स्वयंपाकीण. दोन्हींपैकी एक बाजू जरी नसती, तरी हा लढा इतका लांबवर रेटता आला असता असे मला वाटत नाही.

तेव्हा हे आभार आपले, आपण ज्यांची नावे सांभाळलीत त्या सर्वजणींचे, आणि अर्थातच इनेझ रिक्स यांचेही.

आपली ऋणी,
अमेरिकेत स्थायिक झालेली एक मराठी स्त्री