मारच्या अर्लपदाचे दोन क्रमांक

अ‍ॅबरडीन

तीर्थरूप आजोबांस,

साष्टांग नमस्कार.

स्कॉटलंडमधील मार या प्रदेशाच्या अर्लपदापुढे (अर्ल म्हणजे वंशपरंपरेने चालणारा उच्च सरदारकीचा किताब) धारकाचा अनुक्रमांक म्हणून एका ठिकाणी 31 आणि दुसऱ्या ठिकाणी 14 असा आकडा कसा येतो, असे आपण विचारले होते. दोन्ही आकडे खरे आहेत, कारण 1885 पासून या नावाची पदेच दोन आहेत.

मूळ वाद 1404 सालचा. तेव्हा मारचे पद इझाबेल डग्लसकडे होते आणि ते तिला आईच्या बाजूने मिळाले होते. राजाच्या भावाचा अनौरस मुलगा अलेक्झांडर स्टुअर्ट याने तिचा किल्ड्रमी किल्ला घेतला आणि पद आपल्या वारसांकडे जावे अशी सनद तिच्याकडून लिहून घेतली. मात्र त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या नव्या सनदेप्रमाणे, दोघांना मूल न झाल्यास पद इझाबेलच्या वारसांकडे जाणार होते. 1435 मध्ये अलेक्झांडर वारला, तेव्हा तिचे नातलग अर्स्किन यांनी हक्क सांगितला. पण 1457 मध्ये अ‍ॅबरडीनला निवाडा त्यांच्याविरुद्ध लागला आणि पद राजाकडे खालसा राहिले.

1565 मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीने याच अर्स्किन घराण्यातील जॉन अर्स्किनला अर्ल केले. तिने जुने पद परत दिले की नवे निर्माण केले, यावरच सारी मोजणी अवलंबून आहे. 1866 मध्ये तेव्हाचे अर्ल निपुत्रिक वारले आणि त्यांच्या बहिणीचा मुलगा व पुरुषवंशातील नातलग, म्हणजे केली या दुसऱ्या पदाचे अर्ल, असे दोन दावेदार उभे राहिले. 1875 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने 1565 चे पद नवे आणि केवळ पुरुष वारसांचे ठरवून केलीच्या बाजूने निर्णय दिला. मला हा निर्णय अन्यायाचा वाटतो, कारण मेरीने त्याच वर्षी जमिनी देताना हक्काच्या वारसाला त्याचे वतन परत करीत असल्याचे सनदेत स्पष्ट म्हटले आहे, आणि ज्या पदावर इझाबेल व तिच्याआधी तिची आई स्वतःच्या हक्काने होत्या, ते मुलीच्या वंशाला नाकारण्यास जुन्या परंपरेत काहीच आधार नाही. अखेर 1885 मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून भाच्याला प्राचीन पद दिले, पण केलीच्या अर्लकडचे पदही कायम ठेवले. म्हणून 31 ही मोजणी मध्ययुगातील मोरमेअर सरदारांपासून चालते, तर 14 ही 1565 पासून. आपण वंशावळीचा तक्ता काढाल, तेव्हा आकड्याशेजारी आरंभाचे सालही अवश्य लिहावे.

घरातील सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली नात