जर्नलमधला प्रोग्राम आणि वाचनालयातली यादी

महोदय,

डिचोलीजवळच्या आमच्या गावातले छोटे वाचनालय मी गेली अकरा वर्षे सांभाळते. यंदाच्या पावसात नोंदवहीची बरीच पाने वाळवीने खाल्ली. चतुर्थीच्या सुट्टीत भाची घरी आली, तेव्हा तिला म्हटले, बाय, तू कॉम्प्युटर शिकतेस, एवढी यादी त्यावर घालून दे. ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत तिला गुणही चांगले आहेत.

दोघींनी बसून शंभरावर पुस्तके भरली. तिने पडद्यावर एक खिडकी केली, खाली 'यादी दाखवा' असे बटण, वर मजकूर दिसायचा मोठा चौकोन, म्हणजे टेक्स्ट एरिया. बटण दाबले तर एकच ओळ आली, आणि तीही कसली? 'बुक', पुढे ॲटचे चिन्ह आणि ७२४११६०८! "मावशे, एकूच दिसता गो," म्हणत पोर रडकुंडीला आली.

संध्याकाळी शेजारचा मुलगा आला. तो फोंड्याला संगणकाच्याच कामावर आहे. त्याने कीबोर्डला हात लावला नाही, नुसते प्रश्न विचारले, तेही कोकणीत. सेटटेक्स्ट ही आज्ञा काय करते? आधीचे पुसून नवे लिहिते. मग एकेका पुस्तकासाठी फिरणाऱ्या लूपच्या प्रत्येक फेरीत ते चालले तर शेवटी उरणार काय? ती चटकन म्हणाली, शेवटचे पुस्तक. म्हणजे आत आधीच्या मजकुरापुढे जोडणारे अपेंड हवे आणि दर पुस्तकामागे नवी ओळ. सेटटेक्स्ट फक्त लूपच्या आधी एकदा, जुनी यादी पुसायला. आणि तो आकडा? पुस्तकाने आपली ओळख काय सांगायची हे पुस्तकाच्या साच्यात, म्हणजे क्लासमध्ये, लिहिलेलेच नव्हते. अशा वेळी जावा क्लासचे नाव आणि हॅशकोड नावाचा आकडा छापते. तिने ही ओळख सांगणारे टूस्ट्रिंग लिहून त्यात दाखल क्रमांक, नाव आणि लेखक जोडले. पुन्हा बटण दाबले आणि आमची पुस्तके एकाखाली एक उतरली. यादी खिडकीबाहेर जाऊ लागली म्हणून स्क्रोलची पट्टी लावली. माझ्या हातून त्यातले एक नाव खोडले गेले, तेव्हा टेक्स्ट एरिया फक्त वाचण्यापुरता ठेवला.

मला वाईट वाटले ते पुढे. हाच प्रोग्राम तिच्या प्रॅक्टिकलच्या वहीत, म्हणजे जर्नलमध्ये आहे, सुवाच्य अक्षरात, सरांच्या सहीसह. फक्त पुस्तकांऐवजी विद्यार्थी, हजेरी क्रमांक आणि गुण. त्यात टूस्ट्रिंगही आहे आणि अपेंडही. फळ्यावरून उतरवले, परीक्षेत जसेच्या तसे लिहिले, गुण मिळाले. त्यातली एक ओळ काढली तर पडद्यावर काय दिसेल, हे तिला दोन वर्षांत कुणी विचारले नव्हते. विचारल्यावर तिने घटकाभरात सांगितले, म्हणजे पोर कमी पडली नव्हती.

आपल्या महाविद्यालयांतील शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रॅक्टिकलला प्रत्येक मुलाला स्वतःची यादी करू द्या. कुणी बाजारातल्या नुस्त्याचे (मासळीचे) दर घेईल, कुणी बागेतली माडाची झाडे, कुणी भजनी मंडळाचे अभंग. परीक्षेत चालत्या प्रोग्राममधली एक ओळ काढा आणि काय होईल ते विचारा. उत्तर कोकणीत किंवा मराठीत आले तरी ऐकून घ्या.

आमचे नाटकांचे कपाट अजून यादीत यायचे आहे. दिवाळीच्या सुट्टीत ते आपण एकटीच भरीन, असे भाचीने सांगितले आहे.

– एक ग्रंथपाल, डिचोली