रविवारची पालक बैठक : मुलांचे ऑनलाइन 'मेंदूचे खेळ'

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता आपल्या कोथरूडच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये पालकांची बैठक आहे. मंडईतून पिशवी घेऊन परस्पर आलात तरी चालेल, पण वेळेवर या.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर तीन मुलांचे अशा खेळांतून आलेले 'आयक्यू' (बुद्ध्यांक) झळकले. परवा लिफ्टमध्ये चौथीतली एक मुलगी मला विचारते, "काकू, ९२ म्हणजे मी ढ का?" काय उत्तर द्यायचं? तेव्हा बैठकीआधी एवढं करा :

- मुलांचे स्कोअर ग्रुपवर टाकू नका. टाकलेले आजच काढा.
- जन्मतारीख, शाळा, फोटो मागणारं ॲप आधी स्वतः उघडून बघा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. ती टिक मुलांनी करायची नसते.
- 'खेळाने मूल हुशार होतं' अशा जाहिरातींना भुलून पैसे भरू नका. ल्युमोसिटी या मेंदूच्या खेळांच्या ॲपच्या कंपनीला अशाच दाव्यांपायी २०१६ साली अमेरिकेत २० लाख डॉलर मोजावे लागले. सरावाने त्या खेळातले गुण वाढतात. गणितातले वाढतीलच असं नाही.
- अभ्यासाबद्दल खरीच शंका असेल तर मानसतज्ज्ञांकडे प्रत्यक्ष चाचणी करून घ्या.

मुलांच्या मोबाइलमधल्या अशा ॲपची यादी आणा. मुलं मात्र घरीच राहू देत.