रविवारी गोल्फच्या पटिंगचा सराव : पटर आणा, ड्रायव्हर नको

सभासद भगिनींनो,
येत्या रविवारी सकाळी ७ वाजता विश्रामबागेतल्या (सांगली) आपल्या नेहमीच्या हॉलवर जमायचे आहे. पटिंग म्हणजे चेंडू हलक्या फटक्याने होलमध्ये (खळग्यात) घालणे; त्यासाठीची काठी पटर, लांब फटक्याची काठी ड्रायव्हर. सुरुवातीला थोडा वेळ गोल्फपटू अदिती अशोकच्या खेळाविषयी बोलू. २०१६ मध्ये, १८ व्या वर्षी ती रिओ ऑलिंपिक खेळली आणि त्याच वर्षी महिलांची इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. टोकियोत ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकले. तिचा ड्राइव्ह (ड्रायव्हरने मारलेला पहिला फटका) लांब पल्ल्याचा नाही. ती टिकते पटिंगवर. म्हणून उरलेला सगळा वेळ पटिंगलाच.

• होलचा व्यास १०८ मिमी असतो. मॅटवर तेवढेच वर्तुळ खडूने आखून १ मीटरवरून सलग १० पट (पटरचे फटके) मारायचे. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून.
• चेंडूच्या दोन्ही बाजूंना काडेपेट्या उभ्या करायच्या, पटरच्या डोक्यापेक्षा बोटभर जास्त अंतरावर. पेटी पडली म्हणजे पटर तिरका आला. बहुतेकदा मनगट वाकते किंवा चेंडू निघण्याआधीच मान वर होते.
• सपाट तळाचे बूट.

पटर नसेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कळवा, जादा पटर मोजकेच आहेत. ड्रायव्हर घरीच ठेवा. हॉलच्या खिडक्या काचेच्या आहेत.