पहिलीचे दार बालवाडीच्या मुलांनाही उघडे ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्याच्या शिक्षण विभागाने २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितले, हे बरेच झाले. बालवाडी काढणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, ही तक्रार जुनीच होती. पण छोट्या, स्वतंत्र बालवाड्यांच्या मुळावर जे आले आहे, ते नोंदणीने सुटणारे नाही.

माझी नोकरी डोंबिवलीतल्या अशाच एका बालवाडीत झाली. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागे थोडी माती, दोन बाई आणि कोणाला शू लागली आहे हे नुसत्या चेहऱ्यावरून ओळखणाऱ्या मावशी. चिंचोके निवडणे, मणी ओवणे, कणकेचे गोळे करणे, ठसेकाम असे आमचे दिवसभराचे काम. बोटांत बळ आले की पेन्सिल आपोआप धरता येते. तरी पालक फाटकात गाठून विचारायचेच, "बाई, वही कधी सुरू करणार?" समजावले की बहुतेकांना पटायचे.

आता पटूनही उपयोग नसतो. मोठ्या शाळा नर्सरीला किंवा ज्युनिअर केजीलाच तुकड्या भरून टाकतात. तीच मुले पुढे सरकत पहिलीत जातात आणि बाहेरून येणाऱ्याला "जागा नाही" एवढेच ऐकायला मिळते. मग पालक मुलाला तिसऱ्या-चौथ्या वर्षीच तिकडे घालतात. मूल आमच्याकडे रमलेले असते, घर दोन गल्ल्यांवर असते, तरीही जूनमध्ये ते बसच्या खिडकीत दिसते. पालकांना मी दोष देणार नाही. शिक्षण हक्क कायद्यात वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांचेही तेच: शाळेला पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर त्या तिथेच भरायच्या. याच कायद्याच्या कलम ११ मध्ये ३ ते ६ वयाच्या मुलांच्या मोफत शिक्षणाची सोय मात्र सरकारच्या मर्जीवर सोडली आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा मानला. विचार म्हणून उत्तमच. पण टप्पा एक म्हणजे संस्थाही एकच, असा सोयीचा अर्थ लावला जाऊ नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. इतक्या लहान वयात शाळा घराजवळ हवी, हे महाराष्ट्राला कोणी नव्याने शिकवायला नको. (रंगीत भिंती आणि पदवीदान समारंभाचे काळे डगले हवे असणाऱ्यांची गोष्ट वेगळी.)

म्हणून शिक्षण विभागाला विनंती आहे. प्रत्येक शाळेने पहिलीच्या काही जागा बाहेरच्या मुलांसाठी राखाव्यात, त्या सोडतीने भराव्यात आणि किती जागा आहेत हे डिसेंबरपूर्वी पोर्टलवर जाहीर करावे. पोर्टल आता आहेच. प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायला कायद्याने बंदी आहे, तरी "मुलाला सहज भेटायला घेऊन या" असे निरोप पालकांना अजून येतात, त्याचीही चौकशी व्हावी. एवढे झाले तरी पालक मुलाला आणखी दोन-तीन वर्षे घराजवळ ठेवायला निर्धास्तपणे तयार होतील.

– एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, डोंबिवली